जॉर्ज कूपर गेला, तो भाग: 'यंग शेल्डन' (सगळं फोडलेलं आहे, जपून)

ओसरी (धागा)

इशारा आधीच देते. ज्यांना 'यंग शेल्डन' अजून पाहायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं.

'यंग शेल्डन' म्हणजे 'बिग बँग थिअरी' या अमेरिकी विनोदी मालिकेतल्या शेल्डनच्या लहानपणाची मालिका, आणि जॉर्ज कूपर हे त्याचे वडील. ती १६ मे २०२४ ला संपली, म्हणजे मी वरातीमागून घोडं आणतेय. आमच्याकडे रात्री जेवणं आटोपली की एक भाग, फार तर दोन, असा रतीब होता. तिसऱ्या सीझनपासून सासूबाईही बसायला लागल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण त्यांचं काही अडलं नाही. शेल्डन म्हणजे 'तो आगाऊ', आजी म्हणजे 'ती सिगरेटवाली', आणि जॉर्ज म्हणजे 'मास्तर', कारण तो शाळेत फुटबॉल शिकवतो.

मास्तर मरणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. 'बिग बँग थिअरी' पाहिलेल्या प्रत्येकालाच होतं. शेल्डन तिथे सांगतोच की वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. सात सीझन, १४१ भाग, आणि घड्याळ सुरुवातीपासून चालू. मला वाटलं होतं की मरण अगदी शेवटच्या भागात येईल. आधी आजारपण, मग दवाखाना, मग पलंगाभोवती सगळी माणसं, मग एक लांबलचक संवाद, आणि आपल्याला रुमाल काढायला पुरेसा वेळ.

ते आलं शेवटून तिसऱ्या भागात, आणि भाग अगदीच हलकाफुलका. जॉर्जला ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात प्रशिक्षकाची नोकरी चालून आलेली, घरात सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचं चाललेलं. सकाळी तो कामाला जातो. जाताना काहीतरी बोलतो, शेल्डन आपल्याच नादात, मान वर करत नाही. संध्याकाळी सगळे नटूनथटून फोटोसाठी त्याची वाट बघत बसलेले. दार वाजतं. त्याचा सहकारी कोच आणि शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्या तोंडून शब्द निघायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "गेला."

हृदयविकार. पडद्यावर दिसत काहीच नाही. त्याला पडताना, छाती धरताना आपण बघत नाही. पुढचे दोन दिवस आम्ही टीव्ही लावला नाही.

मला हे फार नेमकं वाटलं. नवऱ्याचं म्हणणं असं की हसवायला बोलावून रडवलं, ही फसवणूक आहे. तुम्हाला काय वाटलं?

भर_दुपार

ओसरीताई, त्या फोटोनेच घात केला. मी कपड्यांकडे बघत होतो, कोण कसं दिसतंय म्हणून. पार बेसावध होतो.

आणि हो, सासूबाईंना नमस्कार.

गणिती

मी विरोधी बाकावर बसतो.

अभिनयाबद्दल तक्रार नाही. जॉर्ज करणाऱ्या लान्स बार्बरने जीव ओतलाय. तक्रार हिशेबाची आहे. 'बिग बँग'मधला जॉर्ज आठवा. दारू पिणारा, बायकोशी कचाकचा भांडणारा, घरात कोणाला नकोसा झालेला. आणि दहाव्या सीझनमध्ये शेल्डन शेजारीण पेनीला सांगतो की तो दार तीनदा का वाजवतो. तेरा वर्षांचा असताना तो कॉलेजातून सुट्टीला घरी आला, दार उघडलं, आत वडील एका परक्या बाईबरोबर. तेव्हापासून पहिली थाप रीत म्हणून, उरलेल्या दोन आतल्या माणसांना कपडे घालायला. एवढं मोठं पाप पक्कं लिहून ठेवलं होतं.

मग ही मालिका आली आणि हळूहळू जॉर्ज गुणी होत गेला. थकलेला, बिअर पिणारा, पण पोरांसाठी रात्रीबेरात्री गाडी काढणारा. प्रेक्षक त्याच्यावर जीव लावून बसले. आता ती परकी बाई आणायची कुठून? शेजारच्या ब्रेंडाची हूल दिली, ती हवेत सोडली, आणि शेवटच्या सीझनमध्ये खुलासा काय, तर ती परकी बाई म्हणजे जॉर्जची बायको मेरीच, सोनेरी केसांचा टोप घातलेली! शेल्डनने दार उघडलं, पाठमोरा टोप पाहिला, गैरसमज झाला.

ही चोरवाट आहे. मरण झोंबावं म्हणून माणसाला आधी धुऊन, इस्त्री करून ठेवलं. खऱ्या, डागाळलेल्या जॉर्जच्या मरणाने रडवून दाखवलं असतं तर मी टोपी काढली असती.

सायलेंट_झोन

टोपाची गोष्ट मलाही कच्ची वाटली. पण उरलेलं असं पाहा ना: 'बिग बँग'मधली सगळी माहिती आपल्याला देतो कोण? शेल्डन. चौदाव्या वर्षी बाप गेलेला, त्याचा राग धरून बसलेला मुलगा. रागावलेला माणूस बापाबद्दल काय सांगेल?

गणिती

हा बचाव मी पुष्कळदा ऐकलाय. लेखकाची चूक नायकाच्या स्मरणशक्तीच्या खात्यावर मांडायची. आणि शेल्डनच्या स्मरणशक्तीची तर टिमकी बारा सीझन वाजवलेली आहे. तो काही विसरत नाही म्हणे!

सायलेंट_झोन

विसरत नाही, हे मान्य. पण जे पाहिलं त्याचा अर्थ लावण्यात तो आयुष्यभर कच्चाच आहे की. सगळी मालिका त्याच विनोदावर चाललेली.

निवडुंगाचं_फूल

गणिती, ही सोय मालिका संपताना घाईने शोधलेली नाही. 'बिग बँग'च्या बाराव्या सीझनमध्ये, डिसेंबर २०१८ मध्ये, एक भाग आहे. शेल्डन आणि त्याची बायको एमी यांचा सिद्धान्त कोसळलाय, तो खचलाय. लहानपणी त्याने स्वतःसाठीच धीराचे चार शब्द एका व्हीएचएस टेपवर भरून ठेवले होते, ती टेप लावतो. आणि त्यावर त्याच्या भाषणाऐवजी निघतं वडिलांचं फुटबॉल सामन्याचं चित्रण. हाफटाइमला, हरत असलेल्या पोरांना जॉर्ज लॉकर रूममध्ये धीर देतोय. तोच लान्स बार्बर. चाळिशीकडे आलेला शेल्डन ते ऐकत बसतो. बापाकडे नव्याने बघायची सुरुवात तिथेच झाली होती, मरणाच्या भागाच्या पाच-साडेपाच वर्षं आधी.

अवांतर: हाच लान्स बार्बर 'बिग बँग'मध्ये २०११ साली शेल्डनचा मित्र लेनर्ड याला शाळेत छळणारा जिमी म्हणून येऊन गेला होता. ते आठवलं की अजून हसू येतं.

हडसनकाठ

मी जुना माणूस, माझी जखमही जुनी. विषय निघालाच आहे तर 'मॅश'बद्दल लिहितो, तरुण मंडळींनी पाहिली नसेल.

कोरियन युद्धातलं अमेरिकन फिरतं लष्करी रुग्णालय, तिथले डॉक्टर, त्यांचा चावटपणा. तिसऱ्या सीझनच्या शेवटी, १८ मार्च १९७५ ला, हेन्री ब्लेक या सगळ्यांच्या लाडक्या कमांडरची सुटका होते. तो घरी निघतो. निरोप समारंभ, मिठ्या, हेलिकॉप्टर, सगळं यथासांग. तो नट, मॅक्लीन स्टीव्हन्सन, मालिका सोडत होता. आपल्याला वाटतं, झालं, संपला भाग. मग शस्त्रक्रियेच्या तंबूत रडार नावाचा पोरसवदा कारकून मास्क न लावता येतो आणि कागद वाचतो. हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं. कोणी वाचलं नाही.

ते पान लेखकांनी बहुतेक नटांपासून लपवलं होतं. बाकीचं चित्रीकरण आटोपल्यावरच ते हातात दिलं. बातमीनंतर शांततेत कोणाच्या तरी हातातून एक अवजार खाली पडतं, तो खणखणाट आपोआप झालेला, आणि तो तसाच ठेवला. कोणी हंबरडा फोडत नाही. हात थांबवता येत नाहीत, कारण समोर जखमी आहे.

मी हे पाहिलं ते १९८८ साली, एम.एस. करायला नुकता आलो होतो, भाड्याच्या खोलीत रात्री अकराच्या पुनःप्रक्षेपणात. घरी फोन करणं तेव्हा मिनिटाच्या हिशेबात असायचं. त्या रात्री केला. आई घाबरून गेली, काय झालं म्हणून. काय सांगणार, टीव्हीवरचा एक माणूस मेला म्हणून?

भाग दाखवला तेव्हा प्रेक्षकांची रागाची पत्रं ढिगाने आली. ओसरीताईंच्या यजमानांचंच म्हणणं, हसवायच्या वेळेला हे कशाला? लेखकांचं उत्तर साधं होतं. युद्ध आहे. घरी निघालेला प्रत्येक जण पोचत नाही.

कोरा_कागद

धाग्याचं नाव वाचलं, 'जपून' वाचलं, तरी आत आलो. आता 'मॅश'पण फुटली. दोष माझाच.

हडसनकाठ

पन्नास वर्षं झाली हो! आता कर्ण मेला हेही सांगायचं नाही का?

कोरा_कागद

कर्ण मेला??

रीळ_आणि_आवाज

मी ध्वनिसंकलनात आहे, तेव्हा कानाची बाजू मांडतो. इथे सगळे कथेवर बोलताहेत, पण खरी कमाल हसण्याच्या आवाजाची आहे.

'बिग बँग' प्रेक्षकांसमोर, तीन-चार कॅमेऱ्यांनी चित्रित व्हायची. समोर बसलेल्यांचं हसणं हा तिच्या चालीचा भाग. नट वाक्य टाकतो, थांबतो, हशा ओसरू देतो, पुढचं टाकतो. 'यंग शेल्डन' एका कॅमेऱ्याने, सिनेमासारखी. हशा नाहीच. म्हणून दार वाजल्यावर जी शांतता पसरते ती उपरी वाटत नाही. ती घरात पहिल्यापासून होती.

हशावाल्या मालिकेत हेच करायचं म्हणजे तारेवरची कसरत. 'मॅश'च्या लोकांनी वाहिनीशी भांडून एक सूट मिळवली होती: शस्त्रक्रियेच्या तंबूत हशाची पट्टी वाजणार नाही. बाकी सगळीकडे वाजायची. त्यामुळे त्या तंबूत शिरलं की कानाला आपसूक कळायचं, इथे गंमत थांबली. हेन्रीची बातमी तिथे येते, हा योगायोग नव्हे.

'बिग बँग'ने स्वतःही हे एकदा केलंय. शेल्डनचा मित्र हॉवर्ड, त्याची आई. ती कधी नीट दिसलीच नाही, नुसता दुसऱ्या खोलीतून येणारा आवाज. तो देणारी कॅरल अ‍ॅन सूझी ११ नोव्हेंबर २०१४ ला वारली. लेखकांनी आवाज बदलला नाही, पात्रच जाऊ दिलं. फेब्रुवारी २०१५ च्या भागात कॉमिकच्या दुकानात हॉवर्डला फोन येतो. आणि पुढे एक भाग आहे, वीज जाते, फ्रीझर बंद पडतो, आत आईने करून ठेवलेलं शेवटचं जेवण वितळायला लागतं. मग सगळ्यांना बोलावून ते संपवतात. मी आयुष्यात पाहिलेला सर्वात चांगला श्राद्धाचा स्वयंपाक. पुढे लेनर्डच्या घरातल्या फ्रिजवर सूझीचा लहानसा फोटो लावलेला असायचा.

भर_दुपार

फ्रीझरमधल्या जेवणावरून आठवलं. आजी गेली तेव्हा तिच्या हातचं कैरीचं लोणचं अर्धी बरणी उरलं होतं. वर्षभर कोणी हात लावेना आणि कोणी टाकूही देईना. शेवटी बुरशी आली.

तळकोकण

ओसरीताईंचे यजमान म्हणतात हसणं आणि मरण एका ताटात नको. त्यांना एकदा आमच्या गावी दहाव्याला न्यायला पाहिजे.

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा. दहावा दिवस, नदीकाठ, पिंड मांडलेले, समोरच्या फणसावर सहा-सात कावळे बसलेले. एकही खाली येईना. अर्धा तास, पाऊण तास. मग नवस बोलणं सुरू. थोरले काका म्हणाले, अण्णा, आईला आम्ही अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. मधले म्हणाले, बांधाचा तंटा मिटवतो. नाही. धाकट्याचं लग्न लावून देतो. नाही. ऊन चढलं, गुरुजींची दुसरीकडे जायची वेळ झाली, ते दर्भाच्या कावळ्यावर आले. तेवढ्यात आतेभाऊ, वय वर्षं नऊ, म्हणाला, "अण्णा, तुमचा ट्रान्झिस्टर कोणाला देणार नाही." फडफड झाली आणि कावळा पिंडावर.

सगळा काठ हसला. काका हसता हसता रडायला लागले. गुरुजींनी पंचा तोंडाला लावला होता, हसू लपवायला की काय कोण जाणे. ट्रान्झिस्टर अजून घरात आहे. वाजत नाही.

थेम्सची_लेक

तळकोकण, तुमचा कावळा वाचून मला इथली टोपी आठवली.

'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' म्हणजे इंग्लंडमध्ये घराघरांत पाठ असलेली मालिका. दक्षिण लंडनमधल्या पेकममधले दोन भाऊ, डेल आणि रॉडनी, आणि त्यांचे आजोबा. आजोबांचं काम करणारे लेनर्ड पीअर्स डिसेंबर १९८४ मध्ये, चित्रीकरण चालू असताना गेले. पुढच्या वर्षी दाखवलेल्या भागाची सुरुवातच आजोबांच्या दफनाने होते. गंभीर, खरंखुरं दफन. आजोबांची आठवण म्हणून डेल त्यांची टोपी खड्ड्यात सोडतो. सगळे गलबललेले. माती लोटली जाते. मग कळतं, टोपी आजोबांची नव्हतीच. पाद्र्याची होती.

मी इथे वीस वर्षं वॉर्डात परिचारिका आहे. माणूस गेला की नातेवाईक अशाच टोप्यांवर हसतात आणि मग आमच्याकडे चोरून बघतात, चाललं का म्हणून. चालतं.

त्याच भागात पुढे रॉडनी डेलवर भडकतो. आजोबा आत्ता गेले आणि तुला कसलंच दुःख नाही, तू हसतोस, पितोस! त्यावर डेल जे बोलतो त्याचा मथितार्थ असा, की मला रडायला अजून सुरुवातच करता आलेली नाही, कशी करतात ते माहीत नाही. तिथे एकही विनोद नाही. पण आधी टोपी होती म्हणून ते बोलणं पचतं, असं मला वाटतं. नुसतं रडगाणं असतं तर मी चहा टाकायला उठले असते.

चिंचगुळ

आपल्याकडे हे सगळे प्रश्नच येत नाहीत. आपल्याकडे पाटी येते. 'यापुढे ही भूमिका अमुक अमुक साकारतील.'

'तारक मेहता' घ्या, २००८ पासून चालू आहे. डॉ. हाथी करणारे कवी कुमार आझाद जुलै २०१८ मध्ये गेले, काही महिन्यांत निर्मल सोनी हाथी झाले. नट्टूकाका करणारे घनश्याम नायक ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले, पुढच्या वर्षी किरण भट्ट दुकानात बसले. गोकुळधाममध्ये नट मरतो, पात्र नाही.

मी टीका करत नाही. माझी आई रोज ती लावते, भाजी निवडत. तिला तिथे मरण नकोच आहे. ती म्हणते, बातम्यांत आहेच की. पण नवे नट्टूकाका आले त्या दिवशी तिने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "इतक्या वर्षांच्या माणसाला एक हार तरी घालायचा भिंतीवर." म्हणजे नको, तरी हवं.

गणिती

चिंचगुळ, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

दोन_नंबर_गल्ली

कोणी 'हाऊ आय मेट युअर मदर'चं नाव कसं घेतलं नाही अजून? आणि मी शेवटच्या भागातल्या आईबद्दल बोलत नाहीये. तो विषय काढला तर धागा इथेच पेटेल. मार्शलचे वडील!

३ जानेवारी २०११ चा भाग. पूर्ण भागात मागे कुठे ना कुठे आकडे दिसत राहतात, पन्नासपासून उतरत्या क्रमाने. बाटलीवर, पुस्तकावर, कागदावर. पाहताना लक्षात येत नाही, आणि लक्षात आलं तर वाटतं काहीतरी गंमत चाललीय. एकपर्यंत आले की मार्शलची बायको लिली टॅक्सीतून उतरते आणि सांगते, तुझे बाबा गेले. हृदयविकारच. मार्शल करणाऱ्या जेसन सीगलला लिली नेमकं काय बोलणार हे सांगितलेलं नव्हतं. तो तिच्या गळ्यात पडून म्हणतो, मी अजून यासाठी तयार नाही. ते त्याचं त्याला सुचलेलं वाक्य.

आणि त्याच्या पुढचा भाग तर ओसरीताईंच्या मुद्द्यालाच हात घालतो. अंत्यविधीला सगळे आपापल्या वडिलांचे शेवटचे शब्द आठवतात. मार्शलला आठवतं काय, तर बाबा म्हणाले होते 'क्रोकोडाइल डंडी'चा तिसरा भाग आण, अजून बघण्यासारखा आहे. बस. त्यावर तो तडफडतो. मग फोनमध्ये बाबांचा न ऐकलेला एक निरोप सापडतो, खिशात चुकून बटण दाबलं गेलेला. आधी नुसती खरखर. तो देवावर संतापतो. आणि मग खरखरीतून बाबा बोलायला लागतात, तुझ्यावर जीव आहे रे म्हणून.

सुंदर आहे. पण 'यंग शेल्डन'ने तोही निरोप दिला नाही. शेल्डनच्या फोनमध्ये काही सापडत नाही. १९९४ सालात सापडणार तरी काय!

ओसरी

हेच! 'फ्युनरल' नावाच्या भागात शेल्डन दुसरं काहीच करत नाही. ती सकाळ पुन्हा पुन्हा उगाळतो. बाबा दाराकडे जाताहेत, आणि प्रत्येक वेळी तो काहीतरी वेगळं करतो. मान वर करतो. बोलतो. थांबवतो. आणि पुन्हा खऱ्या सकाळीवर येऊन आदळतो, जिथे त्याने काहीच केलं नाही. चर्चमध्ये उठून तो बाबांबद्दल बोलतो, फार सुरेख बोलतो, आणि मग दिसतं की तेही त्याच्या मनातच होतं. प्रत्यक्षात तो जागेवरच बसलेला.

जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं पाठ असलेलं पोर, आणि त्याला एक 'हो बाबा' म्हणायचं राहिलं.

संत्रानगरी

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो.

आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. माझी आजी तर चुकून 'जातो' म्हटलं की परत आत बोलवायची, पाणी पाजायची आणि पुन्हा निघायला लावायची. वडील दुसऱ्या पाळीला जायचे, दुपारी दोनला. २०१३ चा ऑगस्ट होता, पाऊस होता. ते म्हणाले, "येतो रे." मी मोबाइलवर गेम खेळत होतो. मी म्हटलं, "हं."

बसथांब्यावरच गेले ते. आम्हाला कळलं साडेचारला.

लोक मला सांगतात की तुझ्या 'हं'मध्ये सगळं आलं, त्यांना कळलं असेल. असेल. पण मला बारा वर्षांत एकानेही असं म्हटलं नव्हतं की हो, तू मान वर केली नाहीस, तसंच झालं, आणि तसंच होतं. त्या भागाने म्हटलं. बायको झोपली होती, मी आवाज बंद करून तो तेवढा तुकडा चारदा पाहिला.

गणितीभाऊ, तुमचा हिशेब बरोबर असेल. मला त्या टोपाशी काही घेणंदेणं नाही.

थेम्सची_लेक

🙏

सायलेंट_झोन

संत्रानगरी, लिहिलंत ते बरं केलंत.

धाकटी_पाती

सगळे शेल्डन शेल्डन करताहेत म्हणून मी थोडी भांडते. मी घरातली मधली, तेव्हा माझं लक्ष शेल्डनची बहीण मिसी आणि मोठा भाऊ जॉर्जी यांच्यावर होतं. त्या भागांत मिसी सगळ्यांवर डाफरते, आणि मला ती सगळ्यात खरी वाटली. आमच्याकडे हुशार भावाला दुःख झालं की घर चिडीचूप होतं. बहिणीला झालं की 'काय अंगात आलंय हिच्या'.

आणि जॉर्जी! 'बिग बँग'च्या अकराव्या सीझनमध्ये मोठा झालेला जॉर्जी शेल्डनला सुनावतो, बाबा गेल्यावर तू कॉलेजला निघून गेलास, आई आणि मिसीला मी सांभाळलं. ते २०१८ मध्ये पाहिलं तेव्हा नुसतं एक वाक्य होतं. आता परत पाहिलं तर पोटात खड्डा पडला, कारण आता आपण तो पोरगा दारात उभा राहिलेला पाहिलाय. शिकला नाही, टायर विकतो, म्हणून 'बिग बँग'ने त्याच्यावर विनोद केले. घर त्यानेच ओढलं.

उंबरठा

मेरीबद्दल कोणी बोलेना. माझी एकच तक्रार आहे. नवरा गेल्यावर ती देवाधर्मात पार बुडते, पोरांनी बाप्तिस्मा घ्यावा म्हणून धोशा लावते, आणि हे थोडं चेष्टेच्या सुरात येतं. आई-मुलींचं चांगलं भांडण होतं त्यावरून. पण विधवा बाई देवाला घट्ट धरते त्यात चेष्टा कसली? धरायला दुसरं काय उरलं होतं?

शेवटी शेल्डन स्वतःचा विश्वास नसताना पाण्यात उतरतो, आईला बरं वाटावं म्हणून. तेवढ्यावर मी माफ केलं.

मोठी मेरी 'बिग बँग'मध्ये करणारी लॉरी मेटकाफ आणि इथली मेरी करणारी झोई पेरी या खऱ्या मायलेकी आहेत, हे माहीत नसलेल्यांसाठी. मान कलती करायची लकबसुद्धा तीच.

रीळ_आणि_आवाज

'जॉर्जी अँड मँडी' ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, आणि ती परत प्रेक्षकांसमोरची, हशावाली. म्हणजे ज्या घरातून ती शांत मालिका उठली, त्याच घरातला पोरगा आता हशाच्या आवाजात बापाबद्दल बोलतो. मला पहिले दोन भाग कानाला टोचले. मग सवय झाली. माणसांचंही तसंच होत असावं.

गणिती

परत आलो. निवडुंगाचं फूल यांनी सांगितलेला टेपवाला भाग रात्री काढून पाहिला.

माझं मत टोपाबाबत बदललेलं नाही. ती चोरवाटच आहे आणि राहील. पण एक गोष्ट लक्षात आली. त्या टेपवर जॉर्ज जे बोलतो ते शेल्डनसाठी नाहीच. दुसऱ्यांच्या पोरांसाठी आहे. शेल्डनला ते मिळालं ते चुकून, आपल्याच भाषणावर बापाचा सामना भरला गेला म्हणून. मी ज्याला धुऊन इस्त्री केलेला बाप म्हटलं, तो तिथे घामाघूम, केस विस्कटलेला, हरत असलेल्या संघाचा साधा कोच आहे. आणि ऐकणारा चाळिशीचा मुलगा.

माझे बाबा गणिताचे मास्तर होते. त्यांचे विद्यार्थी भेटतात आणि सांगतात, सरांनी आम्हाला काय काय धीर दिला. मला ते घरी तसं कधी बोलले नाहीत. एवढंच.

निवडुंगाचं_फूल

म्हणून 'गणिती' होय!

ओसरी

इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला अर्धा धागा वाचून दाखवला. कावळ्यापाशी तो हसला, पण मत बदललेलं नाही. त्याला अजूनही फसवणूकच वाटते. मात्र संत्रानगरींचं वाचल्यावर उठून गॅलरीत गेला.

सासूबाई परवा म्हणाल्या, "मी मधूनच पाहायला लागले. त्या मास्तरचं पहिल्यापासून लावा." लावलंय. दोन भाग झाले, मास्तर हिंडताफिरता आहे, त्या खूश आहेत. आज तिसरा. पहिल्या सीझनचा तिसरा म्हणजे तोच, ज्यात जॉर्जच्या छातीत पहिल्यांदा दुखतं आणि त्याला दवाखान्यात नेतात. त्यांना काही बोललेले नाही.